ड्रोन फवारणी आणि शेजारच्या वावरातील माणसे

पऱ्हाटी (धागाकर्ती)

गेल्या खरिपात आमच्या गावात पहिल्यांदा ड्रोनने फवारणी झाली. अर्धे गाव धुऱ्यावर जमले होते आणि शाळेतून परतणारी मुलेही दप्तरासकट थांबली होती. दहा लिटरची टाकी भरून यंत्र उठले, सोयाबीनच्या माथ्यावरून ओळीओळीने फिरले आणि चूल पेटवून चहा होईपर्यंत एकरभर वावर आटोपले. शेजारच्या वावरात, धुऱ्यापासून फार तर पंधरा पावलांवर, सात-आठ बाया निंदण करत होत्या. वारा त्यांच्याच दिशेने होता. एकीने पदर नाकाला लावला. दुसरीने मान वर करून यंत्राकडे पाहिले आणि ती पुन्हा खुरपे चालवू लागली. आज फवारणी होणार आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि तसे सांगणे बंधनकारक असते हे फवारणाऱ्या मुलालाही माहीत नव्हते.

मी २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात वैद्यकीय अधिकारी होते, त्यामुळे पाठीवरचा पंप उतरतो आहे याचा मला मनापासून आनंद आहे. त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबर या काळात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २०हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि ८००हून अधिक जणांना दवाखान्यात भरती करावे लागले. पऱ्हाटी, म्हणजे कापसाचे झाड, डोक्याच्या वर गेली होती, त्यामुळे फवाऱ्याची नळी वर धरावी लागे आणि औषध परत फवारणाऱ्याच्याच तोंडावर आणि छातीवर पडत असे. बोंडअळीच्या धास्तीने दोन-तीन औषधे एकाच पंपात मिसळली जात. स्वस्तातले चार्जिंगचे पंप जुन्या हातपंपापेक्षा बारीक आणि जोरदार फवारा मारत, म्हणजे दिवसभरात जास्त पंप होत आणि तेवढेच जास्त विष अंगावर येई. चार्जिंगचा पंप हेही त्या काळी नवे तंत्रज्ञानच होते आणि त्याने कष्ट वाचतात म्हणून सर्वांनी त्याचे स्वागत केले होते.

भरती झालेल्या एका तरुण मजुराचा मी इथे उल्लेख करते, कारण या विषाचे काम कसे चालते हे त्यावरून कळेल. तो आला तेव्हा तोंडातून लाळ गळत होती, सदरा घामाने आणि औषधाने चिकट झाला होता आणि बॅटरीच्या उजेडात त्याच्या डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी दिसत होती. ऑर्गनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके शरीरातील कोलिनेस्टरेज नावाचे विकर बंद पाडतात. मग मज्जातंतूंचे संदेश थांबत नाहीत, छातीत कफ साठतो आणि श्वास घेणारे स्नायू थकतात. ॲट्रोपिन हा उतारा दिल्यावर त्याची छाती मोकळी झाली आणि दुसऱ्या दिवशी तो घरच्यांशी बोलला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला उशीवरून मान उचलता येईना. हा या विषाचा उशिरा येणारा टप्पा असतो, आणि तो ओळखून रुग्णाला वेळेत कृत्रिम श्वासयंत्रावर घेतले नाही तर सुधारत असलेला माणूस हातचा जातो. तो वाचला. रक्तातील कोलिनेस्टरेज मोजण्याची सोय आमच्याकडे नव्हती, त्यामुळे कोणत्या रुग्णाला किती धोका आहे याचा निर्णय डोळे, नाडी आणि छातीचा आवाज यांच्या भरवशावरच घ्यावा लागत होता.

आता ड्रोनच्या धोरणाकडे वळते. केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये ड्रोनद्वारे फवारणीची प्रमाणित कार्यपद्धती जाहीर केली. एप्रिल २०२२ मध्ये आधीच नोंदणी असलेली ४७७ कीटकनाशके ड्रोनमधून वापरण्यास दोन वर्षांसाठी अंतरिम मान्यता देण्यात आली. पुढे नमो ड्रोन दीदी योजनेत महिला बचत गटांना १५,००० ड्रोन देण्याचे ठरले आणि त्यासाठी १,२६१ कोटी रुपयांची तरतूद झाली. यंत्राच्या किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये, एवढे साहाय्य सरकार देते आणि निवडलेल्या बाईला पंधरा दिवसांचे प्रशिक्षण मिळते. बचत गटातील बाईच्या हाती उत्पन्नाचे असे साधन येणे ही चांगली गोष्ट आहे, आणि या धाग्यावर कोणी त्या बायांना दोष देऊ नये अशी माझी आधीच विनंती आहे.

माझा आक्षेप क्रमाविषयी आहे. ती औषधे नोंदवली गेली तेव्हा ती एकरी दीडशे-दोनशे लिटर पाण्यातून मारली जातील हे गृहीत होते. ड्रोन एकरी सुमारे दहा लिटर पाणी वापरतो. समजा एखाद्या औषधाची मात्रा एकरी ४०० मिली आहे. दोनशे लिटर पाण्यात ती लिटरला २ मिली पडते, तर दहा लिटरमध्ये लिटरला ४० मिली. पिकावर एकूण औषध तेवढेच पडते हे खरे, परंतु वाऱ्याने उडून निंदणाऱ्या बाईच्या मानेवर येणारा प्रत्येक थेंब वीसपट तीव्र असतो. शिवाय ड्रोनचे थेंब बारीक असतात आणि ते पिकाच्या वरून सुटतात. अशा मिश्रणाचा शेजारच्या माणसावर काय परिणाम होतो याची माहिती आधी आणि परवानगी नंतर, असा क्रम हवा होता. येथे परवानगी आधी मिळाली आणि माहिती मान्यतेच्या काळात कंपन्यांनी गोळा करायची असे ठरले. त्या काळात ही तपासणी ज्यांच्या अंगावर होते, त्यांना कोणी विचारलेले नाही.

आणखी एक माणूस आपल्या नजरेतून सुटतो, तो म्हणजे टाकी भरणारा. ड्रोन उडवणारी बाई दूर उभी असते. बाटलीचे झाकण उघडून निखळ औषध मोजणारा मात्र तिचा नवरा, भाऊ किंवा रोजंदारीवरचा मुलगा असतो. दिवसाला वीस एकर फवारले तर वीस वेळा टाकी भरावी लागते. मी पाहिले त्या मुलाच्या हातात मोजे नव्हते. सांडलेले औषध त्याने पँटला पुसले आणि त्याच हाताने बिस्किटाचा पुडा फोडला.

कायद्यात काहीच नाही असेही नाही. कीटकनाशक नियम, १९७१ मध्ये हवाई फवारणीसाठी स्वतंत्र तरतूद आहे. किमान २४ तास आधी लोकांना सूचना द्यावी, संबंधित नसलेली माणसे आणि जनावरे ठरावीक काळ त्या भागात येऊ देऊ नयेत आणि धुण्याची व प्रथमोपचाराची सोय जागेवर असावी, असे त्यात लिहिलेले आहे. फवारणीच्या कामावरील माणसांची नियमित वैद्यकीय तपासणी आणि ऑर्गनोफॉस्फेट हाताळणाऱ्यांचे कोलिनेस्टरेज महिन्यातून एकदा मोजणे, हेही त्याच नियमांत आहे. गावपातळीवर हे काम नेमके कोणाचे, हेच ठरलेले नाही. तलाठी म्हणतो कृषी विभागाचे, कृषी सहायक म्हणतो ड्रोनवाल्याचे आणि आरोग्य केंद्राला तर ड्रोन येऊन गेल्याचे रुग्ण आल्यावर कळते.

हवेतून फवारण्याचा अनुभव या देशाने आधी घेतला आहे. केरळच्या कासारगोड जिल्ह्यात सरकारी मालकीच्या काजूबागांवर १९७०च्या दशकापासून २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरमधून एन्डोसल्फान हे कीटकनाशक फवारले गेले. वस्त्या, ओढे आणि उघड्या विहिरी त्या बागांना लागूनच होत्या. तेथील मुलांच्या आजारांत फवारणीचा वाटा नेमका किती यावर शास्त्रज्ञांमध्ये बराच वाद झाला आणि मी तो येथे निकालात काढणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये देशभर या औषधावर बंदी घातली आणि २०१७ मध्ये पीडितांना प्रत्येकी ५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. या सगळ्या वर्षांत फवारणीचा दिवस, ठिकाण आणि त्यानंतर दवाखान्यात आलेले रुग्ण यांची एकत्र नोंद कोणी ठेवली असती, तर एवढा वाद करण्याची वेळच आली नसती. ड्रोनच्या बाबतीत अशी नोंद आज, अगदी सुरुवातीलाच, ठेवता येईल. आपापल्या भागात काय घडते आहे ते कृपया येथे लिहावे.

शिवार

ताई, मी सांगली जिल्ह्यात ड्रोनचा व्यवसाय करतो. तुमची काळजी मला समजते, परंतु उसाची बाजूही मांडली पाहिजे. आठ-दहा फुटांच्या उसात पाठीवर पंप घेऊन शिरणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. पाचटाने अंग कापते, आत हवा नसते आणि फवारलेले सगळे अंगावर येते. माझे वडील संध्याकाळी घरी आले की रात्रभर त्यांना मळमळायचे आणि आम्ही त्याला उन्हाचा त्रास समजायचो. आज मी बांधावर उभा राहून तेच काम करतो. वारा वाढला तर मी यंत्र खाली घेतो, पण हेही खरे की त्या दिवशीचे पैसे बुडतात आणि शेतकरी म्हणतो, दुसरा ड्रोनवाला तर मारतो आहे. चोवीस तासांच्या सूचनेची अट मला प्रशिक्षणात सांगितली होती. ती सूचना कोणाकडे द्यायची हे मात्र सांगितले नव्हते.

पऱ्हाटी

शिवार, तुमचे शेवटचे वाक्य या साऱ्या चर्चेचे मर्म आहे. उसाबाबत मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. यंत्र नको असे मी कोठेही म्हटलेले नाही. वाऱ्याच्या दिवशी यंत्र खाली घेणाऱ्याचे नुकसान होते आणि न घेणाऱ्याला काम मिळते, ही व्यवस्था मात्र एकट्या ड्रोनवाल्याच्या सद्बुद्धीवर सोडून चालणार नाही. सर्वांना सारखाच नियम असेल आणि तो पाळला जातो की नाही हे कोणीतरी पाहत असेल, तरच तुमच्यासारख्या माणसाची कुचंबणा थांबेल.

मोहोळ

आम्ही मधपेट्या ठेवणारे लोक आहोत. डाळिंब, सूर्यफूल आणि कांद्याच्या बियाण्याच्या पिकात परागीकरणासाठी शेतकरी आमच्याकडून पेट्या भाड्याने नेतात. पाठीवरच्या पंपाने फवारणी व्हायची तेव्हा शेजारचा शेतकरी दोन दिवस आधी औषध आणायचा, पाण्याची पिंपे भरून ठेवायचा, आणि ती तयारी पाहून आम्ही रात्रीच पेट्या हलवायचो. ड्रोन सकाळी टेम्पोतून येतो आणि नऊ वाजेपर्यंत दोन वावरे उरकून निघून जातो. त्याच वेळी माशा फुलांवर असतात. मागच्या फुलोऱ्यात माझ्या अकरा पेट्यांच्या तोंडाशी मेलेल्या माशांचा थर साचला होता. हाताने उचलला तर त्यातल्या काही अजून पाय हलवत होत्या. नुकसान कोणाकडे मागायचे हा प्रश्न नंतरचा, आदल्या संध्याकाळी एक फोन आला असता तरी पेट्या वाचल्या असत्या.

सातबारा

मी कृषी विभागातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे कायद्याविषयी थोडे लिहितो. १९५८ साली केरळमध्ये पॅराथिऑन हे कीटकनाशक सांडलेले पीठ खाण्यात आल्याने शंभराहून अधिक माणसे मेली आणि त्या घटनेच्या चौकशीतून पुढे कीटकनाशक कायदा, १९६८ आला. म्हणजे या कायद्याचा जन्मच सार्वजनिक आरोग्याच्या प्रश्नातून झाला आहे, पण प्रत्यक्षात तो खात्याखात्यांत नोंदणी, परवाना आणि भेसळ यांपुरता राबवला गेला. त्याच्या कलम २६ नुसार राज्य सरकार अधिसूचना काढून विषबाधेची प्रत्येक घटना ठरावीक अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक करू शकते. कलम २७ नुसार धोकादायक वाटणाऱ्या औषधाची विक्री काही काळ थांबवता येते. २०१७ च्या शेवटी पश्चिम विदर्भातील पाच जिल्ह्यांत पाच प्रकारच्या कीटकनाशकांवर ६० दिवसांची बंदी आली ती अशीच. परंतु तोवर फवारणीचा हंगाम सरत आला होता. बंदी हंगामानंतर आली याचे कारण उघड आहे. दवाखान्यातला आकडा कृषी कार्यालयात पोहोचण्याचा रस्ता बांधलेलाच नव्हता. जुन्या कायद्याच्या जागी नवे कीटकनाशक व्यवस्थापन विधेयक २०२० मध्ये राज्यसभेत मांडले गेले, पण त्याची वाट पाहत बसण्याची गरज नाही. कलम २६ आजही हाताशी आहे.

चढण

जर्मनीत मोझेल नदीच्या खोऱ्यात नोकरीनिमित्त राहतो. येथील द्राक्षमळे इतक्या उभ्या चढणीवर आहेत की ट्रॅक्टर चढत नाही, म्हणून हेलिकॉप्टरने आणि आता ड्रोननेही फवारणी होते. युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशानुसार हवाई फवारणीला मुळात मनाई आहे. जेथे दुसरा उपायच नाही किंवा हवाई फवारणीने आरोग्याला व पर्यावरणाला कमी अपाय होतो असे दाखवता येते, तेथेच सवलत मिळते. औषध हवाई वापरासाठी वेगळे तपासून मंजूर झालेले असावे लागते, फवारणारा प्रमाणपत्रधारक असावा लागतो आणि जवळपासच्या रहिवाशांना वेळेत कळवावे लागते. आपल्याकडे शेताचे तुकडे एक-दोन एकरांचे आणि प्रत्येक बांधापलीकडे कोणी ना कोणी काम करत असते. त्यामुळे येथील अंतराचे नियम जसेच्या तसे तिकडे चालणार नाहीत, हे मान्य. पण औषधाची वेगळी तपासणी आणि आधी कळवणे या दोन गोष्टींना शेताचा आकार आडवा येत नाही.

काळी माती

सगळ्यांचे वाचून मला वाटते की आपण यंत्राविषयी बोलत राहिलो आणि बाटलीतल्या विषाविषयी कमी बोललो. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळले जाऊन २३ मुले मेली. यवतमाळलाही त्याचे नाव होतेच. इतकी जहाल औषधे बाजारात राहूच दिली नाहीत, तर ती पंपाने मारली काय किंवा ड्रोनने मारली काय, माणूस मरणार नाही. बंदी हाच सरळ मार्ग नाही का?

पऱ्हाटी

काळी माती, तुमचे म्हणणे योग्य आहे आणि त्याला शेजारच्या देशाचा भक्कम आधारही आहे. श्रीलंकेने १९९५ मध्ये मोनोक्रोटोफॉस आणि मेथामिडोफॉस, तर १९९८ मध्ये एन्डोसल्फान बंद केले. तेथील आत्महत्यांचे प्रमाण १९९५ मध्ये लाखामागे ४७ होते, ते २००५ पर्यंत जवळपास निम्म्यावर आले. आपल्याकडे २०१८ मध्ये १८ कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणावरील निर्णयाला २०२३ उजाडले. मात्र सगळाच प्रश्न बंदीने सुटत नाही. यवतमाळच्या प्रकरणात डायफेन्थियुरॉनही होते. ते ऑर्गनोफॉस्फेट नाही आणि त्याला नेमका उतारा नाही. बाटलीवर विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण असतो, आणि तो लाल नसेल तर बाटली निर्धोक, असा आमच्याकडे समज आहे. त्रिकोणाचा रंग ठरतो तो पोटात गेलेल्या किंवा कातडीला एकदाच लागलेल्या मात्रेवरून. दिवसभर श्वासावाटे आणि कातडीवाटे काय जाते, आणि तेही वीसपट तीव्र थेंबांतून, याचा अंदाज त्या रंगावरून येत नाही.

सातबारांनी कलम २६ ची आठवण दिली याबद्दल त्यांचे आभार. आमच्या तालुक्यातील ग्रामसभेसाठी आम्ही काही जणींनी ठरावाचा मसुदा केला आहे. गावात ड्रोन आणणाऱ्याने आदल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी ग्रामपंचायतीत गट क्रमांक, औषधाचे नाव आणि वेळ लिहून द्यावी. शिपायाने दवंडी द्यावी आणि आशा सेविकेने ती चिठ्ठी आरोग्य केंद्रात पोहोचवावी. लगतच्या वावरात मजूर असतील तर ते बाहेर येईपर्यंत यंत्र उठू नये आणि त्या वेळेची मजुरी कापली जाऊ नये. मजुरीचा मुद्दा बायांनीच घालायला लावला, आणि तो नसता तर उरलेला ठराव कागदावरच राहिला असता असे मला वाटते.

निंदण

मी स्वतः मजुरीला जाते आणि मुलीकडून हे लिहून घेते आहे. मागे आमच्या अंगावर फवारा आला तेव्हा मुकादम म्हणाला, पाणी प्या आणि कामाला लागा. दोघींना संध्याकाळी डोळ्यापुढे अंधारी आली. डॉक्टर ताई, अशा वेळी आम्ही नेमके काय करावे?

पऱ्हाटी

ताई, पाणी पिऊन कामाला लागणे हे करू नका. फवारा ज्या बाजूने येतो तिकडे न जाता, वाऱ्याला आडवे चालत वावराबाहेर या. भिजलेले लुगडे, पोलके आणि डोक्याचा रुमाल लगेच काढा, कारण कपड्यातले औषध कातडीतून आत जातच राहते. आडोसा करायला सोबतच्या बायांनी एखादी कोरडी चादर धरावी. वावरात जाताना एक जुने लुगडे आणि साबणाची वडी बरोबर ठेवत जा. अंग, केस, कानामागचा भाग आणि नखे साबणाने भरपूर पाण्यात धुवा, डोळे निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवा. उलटी व्हावी म्हणून मीठपाणी किंवा तेल कोणी पाजू नये. डोळ्यांपुढे अंधारी, तोंडाला पाणी सुटणे, खूप घाम, पोटात मुरडा किंवा छाती भरल्यासारखे वाटले तर १०८ ला फोन करा आणि बाटली किंवा निदान तिच्यावरचा कागद बरोबर आणा, कारण औषधाचे नाव कळले तर उपचार अंदाजाने करावे लागत नाहीत. बरे वाटले म्हणून दुसऱ्या दिवशी घरी जाण्याची घाई करू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत रोज उशीवरून मान उचलून पाहा, आणि ती जड वाटली तर रात्र असली तरी दवाखान्यात या.